कुंपणाखालचा मुलूख

ऑरेगॉनच्या दक्षिण टोकापासून कोस्टा रिकाच्या मध्यवर्ती खोऱ्यापर्यंत, उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या पश्चिम अंगाने, जमिनीवर चरणाऱ्या काही तपकिरी पाखरांचा एक वंश पसरलेला असून पक्षिशास्त्रात त्याला ‘मेलोझोन’ म्हणतात. वंश म्हणजे एकमेकींच्या निकट नात्यातल्या जातींचा गट. आजच्या गणनेप्रमाणे या गटात आठ जाती येतात. त्यांपैकी चार जातींना इंग्रजीत ‘टोही’ असे नाव आहे, तर उरलेल्या चार ‘ग्राउंड स्पॅरो’, म्हणजे भुईचिमण्या, म्हणून ओळखल्या जातात. आठांपैकी एकही जात ऋतुमानाप्रमाणे दूरचे स्थलांतर करीत नाही. नर-मादीची जोडी झुडपांचा एक तुकडा धरून बारा महिने तिथेच नांदते. साहजिकच या पाखरांच्या मागे निघालेल्या प्रवाशाला एका जागी बसून त्यांची वाट पाहता येत नाही, त्यालाच देशामागून देश ओलांडावे लागतात, आणि त्याच्या वाटेवर प्रेक्षणीय स्थळांपेक्षा कुंपणे, परसदारे, शेतांचे बांध, ओढ्यांच्या घळी आणि मळ्यांच्या कडाच अधिक येतात.

घराच्या वळचणीला घरटे करणारी आपली चिमणी आणि ही पाखरे यांचे नाते वाटते तेवढे जवळचे नाही. चिमणी जुन्या जगातल्या पॅसेरिडी कुलातली. मेलोझोन वंश नव्या जगातल्या पॅसेरेलिडी कुलातला. या कुलाचे भाऊबंद शोधायचे तर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या ज्वारी-गव्हाच्या शेतांवर उतरणाऱ्या भारीट पक्ष्यांकडे पाहावे लागते, कारण भारीट आणि ही पाखरे दीर्घकाळ एकाच कुलात गणली जात होती. अंगावरचा रंग मातीत मिसळणारा असल्यामुळे ही पाखरे पटकन दिसत नाहीत. ती कळतात पायांच्या कामावरून. पाखरू पुढे उडी घेते आणि दोन्ही पायांनी एकदम पाचोळा मागे ओढते, खालची ओली माती उघडी पडते, आणि तिथले बी किंवा किडा चोचीने टिपला जातो. कोंबडी एकेका पायाने उकरते. इथे दोन्ही पाय एकाच झटक्यात चालतात, आणि झुडपाखालून येणारा तो खसखस आवाज हीच पुष्कळदा प्रवाशाला मिळणारी पहिली खूण असते.

या वाटेची सुरुवात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माँटेरेपासून करणे योग्य, कारण कप्तान बीची यांच्या ‘ब्लॉसम’ जहाजाच्या सफरीत जमवलेल्या नमुन्यांवरून १८३९ मध्ये व्हिगर्स यांनी कॅलिफोर्निया टोहीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते इथल्याच पाखराचे. बुलबुलापेक्षा किंचित मोठे, सर्वांगाने मातकट आणि शेपटीच्या मुळाशी तांबूस असे हे पाखरू आज रानापेक्षा उपनगरांत सहज दिसते. तिथल्या रस्त्यांवर पायी चालणारा माणूस विरळाच. घरांपुढे आखीव हिरवळ, तिच्यापुढे उभ्या मोटारी, आणि त्या मोटारींच्या खाली सावलीत चरणारी टोहींची जोडी. मोटारीच्या आरशात स्वतःचे प्रतिबिंब दिसले की त्याला प्रतिस्पर्धी समजून हे पाखरू त्यावर तासन्‌तास चोची मारीत राहते. जोडीतली दोन पाखरे थोडा वेळ दुरावून पुन्हा भेटली की दोघे मिळून चिरक्या आवाजात एक छोटे युगलगान करतात. ते कानाला गोड मुळीच नाही, परंतु नाते टिकवण्याच्या कामी ते पुरेसे असावे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती मराठी कुटुंबांची वस्ती आता जुनी झाली आहे, आणि त्यांच्या परसांतल्या कढीपत्त्याच्या कुंड्यांखालीही हे पाखरू उकरताना दिसावे यात नवल नाही. याच परसांत त्याच्या जगण्यापुढची खरी अडचण दिसते. घरापुढे पान पडू नये हा तिथला सभ्यतेचा दंडक असून, आठवड्यातून एकदा माळी येतो आणि यंत्राच्या वाऱ्याने सगळा पाचोळा उडवून नेतो. राज्याने २०२४ पासून अशा नव्या पेट्रोल यंत्रांच्या विक्रीला बंदी केली ती आवाजासाठी आणि धुरासाठी. पाचोळा कुणाचे घर आहे, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ नव्हताच. उलट डोंगरउतारांवर ‘पॉयझन ओक’ नावाचे, अंगाला लागताच खाज आणि फोड आणणारे झुडूप माणसाला दूर ठेवते, आणि टोही त्याच झुडपात घरटे बांधून त्याचीच फळे खाते. आत मोहावे वाळवंटातल्या आर्गस डोंगररांगेत याच जातीची एक उपजात मोजक्या झऱ्यांच्या काठच्या झाडीवर टिकून आहे. खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांच्या वंशजांनी त्या झऱ्यांची नासाडी केल्यामुळे १९८७ मध्ये तिला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले.

कोलोराडो नदी ओलांडून ॲरिझोनात शिरले की कॅलिफोर्निया टोहीचा मुलूख संपतो आणि दोन भावंडे भेटतात: खडकाळ उतारांवर कॅनियन टोही आणि नदीकाठच्या झाडीत ॲबर्टची टोही. कॅनियन आणि कॅलिफोर्निया टोही १९८९ पर्यंत एकच जात मानल्या जात. आवाज आणि आनुवंशिक रचना पाहून त्या वेगळ्या केल्या गेल्या. काळ्या तोंडाच्या ॲबर्टच्या टोहीचे सारे जग म्हणजे कोलोराडो नदीचा खालचा भाग, हिला नदी आणि त्यांच्या उपनद्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इतका लहान मुलूख असलेले पक्षी थोडेच. विसाव्या शतकात धरणे झाली, पुराने भिजणारी कॉटनवुड आणि विलो वृक्षांची राई आक्रसली, तिच्या जागी परदेशी झाऊ माजला, आणि तरीही हे लाजरे पाखरू फिनिक्स शहराच्या बागांत शिरून तग धरून राहिले.

हिला नदीकाठच्या ओधाम लोकांची शेती वरच्या अंगाला पाणी अडवले गेल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलमडली, परंतु नदीकाठच्या मेस्कीट झाडाच्या शेंगा दळून त्यांचे गोडसर पीठ खाण्याची त्यांची रीत पूर्णपणे गेलेली नाही. दख्खनच्या वाचकाला हे मेस्कीट अपरिचित नाही. नदीपात्रे आणि गायराने व्यापून बसलेली वेडी बाभूळ ही त्याचीच बहीण. महाराष्ट्रात तिच्यापासून सरपण आणि कोळसा होतो, शेंगा शेळ्या खातात, आणि तिच्या माजण्याबद्दल तक्रारी होतात. तिच्या शेंगांचे पीठ माणसाच्या ताटात वाढले जाते हे मात्र इथे येईपर्यंत ठाऊक नसते.

सीमा ओलांडून सोनोरात गेले की ताटातले धान्य मक्याऐवजी गहू होते. जेझुइट पाद्री युसेबिओ किनो १६८७ मध्ये या प्रदेशात आले, आणि या मिशनऱ्यांच्या वसाहतींबरोबर गव्हाची शेती रुजली. आजही इथल्या बायका गव्हाच्या कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, ताणत कोपरापर्यंत पसरवतात आणि उपड्या घुमटाकार तव्यावर टाकतात; खान्देशातली मांडे करणारी सुगरण खापरावर हेच करते. उन्हाळ्याच्या शेवटी, २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, इथले लोक पावसाची वाट पाहतात, आणि रोहिणी-मृगाच्या हिशेबाने आभाळाकडे पाहणाऱ्या प्रवाशाला ही वाट पाहण्याची रीत परकी वाटत नाही. कॅनियन टोहीसुद्धा वसंतात एकदा आणि हा पाऊस पडल्यावर पुन्हा एकदा अंडी घालते.

सोनोराच्या दक्षिणेकडून ओआहाकाच्या अंतर्भागापर्यंत मेक्सिकोच्या पश्चिम उतारावर तांबूस टोपीची भुईचिमणी राहते. मेक्सिकोबाहेर ती कुठेच नाही. तिचे रान म्हणजे पानझडीचे काटेरी रान. कोरड्या महिन्यांत सारी झाडे उघडी होतात, पायाखाली पाचोळ्याचा थर चढतो, आणि दाट झुडपात बसलेली ही चिमणी डोळ्यांपेक्षा कानांनीच शोधावी लागते. नायारितच्या किनाऱ्यावर मासा उभा चिरून, पसरून, खारफुटीच्या लाकडाच्या धगीवर भाजतात. कोकणी माणूस तो पाहतो आणि रवा लावून तव्यावर परतलेला तुकडा आठवतो, पण धुराचा तो वास लागलेला मासा खाल्ल्यावर तक्रारीला जागा उरत नाही.

ओआहाकात मात्र प्रवाशाने रेंगाळावे. पांढऱ्या गळ्याची टोही पुएब्ला, गेरेरो आणि ओआहाका एवढ्याच भागात सापडते, आणि तिला पाहण्याची हमखास जागा म्हणजे शहराशेजारच्या डोंगरमाथ्यावरचे मोंते आल्बान, सापोतेक लोकांनी इसवी सनापूर्वी सुमारे ५०० वर्षे वसवलेले नगर. दगडी चौथऱ्यांवर उन्हात फिरणारे पर्यटक वर पाहतात; पाखरू खाली, चौथऱ्यांच्या कडेच्या झुडपांत, पाचोळा उडवत असते. २०१० पर्यंत ही टोही आणि तिच्या उत्तरेकडच्या तिन्ही बहिणी ‘पिपिलो’ नावाच्या वेगळ्या वंशात मोडत होत्या. त्यांच्या डीएनएची तुलना मध्य अमेरिकेतल्या भुईचिमण्यांशी केल्यावर खरे नाते दक्षिणेकडे असल्याचे दिसले आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना मेलोझोन वंशात आणले. वाळवंटातली ॲबर्टची टोही आणि कॉफीच्या मळ्यातली भुईचिमणी एकाच घराण्यातल्या ठरल्या त्या तेव्हापासून.

ओआहाकाच्या गल्ल्यांत घरांच्या रंगीत भिंती रस्त्याकडे पाठ फिरवून उभ्या असतात आणि घराचा सारा व्यवहार आतल्या चौकात चालतो. सकाळी उंबऱ्यापुढचा रस्ता झाडून त्यावर पाणी शिंपडणाऱ्या बायका दिसतात. सडा घालून रांगोळी काढणाऱ्या घरातून आलेल्याला हे ओळखीचे वाटते, रांगोळी तेवढी नसते. उपाहारगृहातून बाहेर पडणारा अनोळखी माणूस इतर टेबलांवर जेवणाऱ्यांना ‘प्रोवेचो’ म्हणजे ‘अन्न अंगी लागो’ असे म्हणत जातो. मराठी गावात उलटी रीत असते, तिथे जेवणारा वाटेने जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो आणि जाणारा ‘होऊ द्या’ म्हणून पुढे सरकतो. दोन्ही ठिकाणी बहुधा कोणी कोणाच्या पानावर बसत नाही, पण अनोळखी माणसाच्या घासाची दखल घेतल्याशिवाय पुढे जाणे दोन्हीकडे असभ्यपणाचे मानले जाते.

त्लाकोलुला गावाच्या रविवारच्या बाजारात तर महाराष्ट्राचा अर्धा बांध विक्रीला बसलेला दिसतो. फड्या निवडुंगाची कोवळी पाने, ज्यांना इथे नोपाल म्हणतात, चाकूने काटे तासून भाजीसाठी जुड्या बांधून ठेवलेली असतात. शेजारी मिठा-लिंबात परतलेले नाकतोडे, मिरच्यांचे अनेक प्रकार, कोको आणि मक्यापासून केलेले फेसाळ तेहाते, आणि बाटल्यांत घायपाताची दारू मेस्काल. आपल्याकडे घायपात रेल्वेच्या कडेला आणि शेताच्या बांधावर कुंपण म्हणून लावले गेले आणि फार तर त्याच्या वाखाचे दोर वळले गेले. इथे त्याचा गड्डा जमिनीतल्या भट्टीत भाजून, घोड्याने फिरवलेल्या दगडी चाकाखाली चिरडून, आंबवून त्याचा अर्क काढतात. याच निवडुंगावर पोसलेल्या कोशिनिल किड्यापासून मिळणारा लाल रंग वसाहतकाळात मेक्सिकोहून निर्यात होणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल मोलाचा होता, आणि त्या लोभाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने तो किडा हिंदुस्थानात आणण्याचा खटाटोप केला. आला तो हलक्या प्रतीचा, त्याने रंग फारसा दिला नाही, निवडुंग मात्र खाऊन टाकले.

मका, मिरची, सीताफळ यांच्या येण्याची कथा आपल्याकडे नेहमी सांगितली जाते. बांधावरच्या झाडोऱ्याची सहसा कोणी सांगत नाही. निवडुंग आले, घायपात आले, वेडी बाभूळ आली, म्हणजे या पाखरांच्या घराच्या भिंती जवळजवळ जशाच्या तशा दख्खनवर येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या आडोशाला पाखरे राहिली ती इथलीच, सातभाई, दयाळ, बुलबुल. उलट दिशेने चिमणी गेली. १८५१-५२ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणून सोडलेल्या चिमण्यांची संतती आज मेक्सिकोच्या चौकाचौकांत आणि मध्य अमेरिकेतल्या शहरांत चिवचिवाट करते. माणसाच्या घराशी जिने संसार जोडला ती समुद्र ओलांडून गेली, आणि माणसाच्या कुंपणाशी जिने जोडला ती कुंपण परदेशी गेले तरी जागची हलली नाही. या फरकाचे सर्वस्वी समाधानकारक कारण देणे कठीण असले तरी चिमणी माणसाने मुद्दाम पिंजऱ्यात घालून नेली, आणि तपकिरी टोहीला नेण्याइतके कोणाला तिच्याबद्दल वाटले नाही, हे त्यातले एक कारण खासच आहे.

ओआहाकाहून चियापासमार्गे ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात आल्यावर पांढऱ्या चेहऱ्याची, प्रेव्होची भुईचिमणी भेटते. ती उत्तरेकडच्या टोहींपेक्षा बरीच लहान, आपल्या चिमणीएवढीच, पण चेहऱ्यावरच्या पांढऱ्या-काळ्या-तांबूस पट्ट्यांमुळे अधिक देखणी असते. अँटिग्वा शहराभोवती कॉफीच्या झाडांवर ग्रेव्हिलियाची, म्हणजे कूर्गमध्ये सिल्व्हर ओक म्हणून लावतात त्याच झाडाची, सावली धरलेली असते आणि त्या सावलीत साठलेल्या पानांत ही चिमणी चरते. डोंगरातल्या पायवाटांवर समोरून येणारा प्रत्येक जण, लहान मूलसुद्धा, ‘बुएनोस दियास’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. कपाळावर पट्टा अडकवून पाठीवर लाकडांचा भारा नेणारा वाकलेला म्हातारा तेवढ्यासाठी मान वर करतो. घरांतून टाळ्यांसारखा आवाज येतो तो मक्याच्या टॉर्टिया थापण्याचा. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन ओलेच वाटण्याची ही प्रक्रिया, जिच्यातून तयार होणाऱ्या मक्याला निष्टमल म्हणतात, मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू देते. मका घेऊन गेलेल्या युरोपीयांनी ही युक्ती सोबत नेली नाही आणि मक्यावर जगणाऱ्या त्यांच्या गरिबांना पेलाग्रा रोगाने ग्रासले. कोरडे पीठ गरम पाण्यात मळून परातीत भाकरी थापणाऱ्या हाताला हा ओला, चिकट गोळा प्रथम नीट हाताळता येत नाही.

एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या ज्वालामुखी उतारांवर पांढऱ्या कानाची भुईचिमणी तुटक तुटक सापडते; तिची ओळख अधिक निवांतपणे कोस्टा रिकात होते.

कोस्टा रिकाचे मध्यवर्ती खोरे हे त्या देशातले सर्वांत दाट वस्तीचे ठिकाण, आणि या वंशाच्या दोन जाती इथे शेजारी राहतात. पांढऱ्या कानाची मोठी, काळ्या गळ्याची आणि मानेवर पिवळी झाक असलेली. दुसरी, कॅबानिसची भुईचिमणी, लहान, छातीवर काळा ठिपका मिरवणारी. ही दुसरी चिमणी ग्वातेमालातल्या पांढऱ्या चेहऱ्याच्या चिमणीचीच उपजात समजली जात असे. कोस्टा रिकाचे पक्षिशास्त्रज्ञ लुईस सांदोवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसारा, शरीराची मापे आणि गाणी यांची तुलना करून २०१४ मध्ये वेगळेपण दाखवून दिले, आणि २०१७ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. जगात ती या खोऱ्यात आणि तुरियाल्बाच्या परिसरातच आहे. स्थानिक नाव पिंझोन काफेतालेरो, म्हणजे कॉफीच्या मळ्यातला. मळे आहेत तोवर नाव खरे.

मळ्यांची कुंपणे इथे जिवंत असतात. फांद्या रोवल्या की फुटतात अशा पोरोच्या, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या भावकीतल्या झाडाच्या, किंवा इताबोच्या ओळी लावून त्यांना तारा ठोकतात. इताबोची पांढरी फुले अंड्यांबरोबर परतून खाल्ली जातात. सखल भागात कुंपणाला माद्रे दे काकाओ असते, जे महाराष्ट्रात गिरिपुष्प म्हणून हिरवळीच्या खतासाठी बांधावर लावले जाते आणि ज्याचा उपयोग दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी उंदीर मारण्यासाठीही करून पाहिला आहे. कोकणात भाताच्या राबासाठी पातेरा टोपल्यांनी गोळा करून जाळतात. इथे पोरोची छाटणी करून फांद्या-पाने कॉफीच्या बुंध्याशीच कुजायला टाकतात, आणि भुईचिमणीला त्यापेक्षा अधिक काही लागत नाही. हिवाळी तोडणीच्या दिवसांत कमरेला टोपली बांधलेले मजूर, त्यांत पनामाहून आलेली न्गोबे कुटुंबेही, ओळींतून फिरतात; त्यांच्या पावलांनी पाखरे थोडी सरकतात आणि माणसे पुढे गेली की परततात.

या देशाची बोलण्याची रीतही लक्षात राहण्यासारखी आहे. आई मुलाला आणि कित्येकदा माणूस आपल्या कुत्र्यालाही आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणतो. जिथे आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याची घरोघरची वहिवाट, त्या मुलखातल्या माणसाला या सरसकट आदराचा पहिले काही दिवस अंदाज येत नाही. न्याहारीला भात आणि काळा राजमा एकत्र परतलेला गायो पिंतो, आणि लाकडी चौकटीला टांगलेल्या कापडी पिशवीतून गाळलेली कॉफी. ती कॉफी ज्या मळ्यातली, त्या मळ्यांवर एकोणिसाव्या शतकात हा देश उभा राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांनी सावलीची झाडे तोडून उन्हातली ठेंगणी कॉफी लावली, आणि त्यानंतर सान होसे, एरेदिया, आलाहुएला ही शहरे पसरत एकमेकांना भिडली. आता खोऱ्यात मळ्यांच्या जागी घरांच्या वसाहती दिसतात, आणि भुईचिमण्या बिरिया, तोरेस अशा नद्यांच्या खोल घळींत, जिथे उतार फार असल्यामुळे कोणाला बांधता आले नाही, तिथे सरकल्या आहेत. विद्वानांनी कॅबानिसच्या चिमणीला स्वतंत्र जात म्हणून मान द्यायला आणि तिची जागा आक्रसायला एकच काळ लाभला.

खोऱ्याच्या दक्षिणेला तालामांका पर्वताची उंच रांग लागते आणि तिच्या अलीकडेच मेलोझोन वंश संपतो. पनामात त्याची एकही जात नाही. सेरो दे ला मुएर्तेच्या थंड, धुकट माथ्यावर ओक वृक्षांखालच्या बांबूंच्या दाट जाळीतून पुन्हा तोच दोन पायांचा खसखस आवाज येतो, परंतु तो असतो मोठ्या पावलांच्या, करड्या डोक्याच्या आणि शेवाळी अंगाच्या पेझोपेटेस नावाच्या पाखराचा. कूळ तेच, वंश निराळा. त्याचा मुलूख या डोंगरांवरूनच पुढे पश्चिम पनामात उतरतो.